प्लस सी राहिला, दादा

दादा, तो व्हिडिओ मी काढलेला नाही. काढणारही नाही.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वर जिथं कुठं तुला बसवलं असेल तिथं नीट ऐसपैस रागावता येईल. तुझ्या तेराव्याच्या दिवशी पाहुणे पांगले, मांडववाला खांब उपटायला लागला, तेव्हा वहिनींनी मला आत बोलावलं. डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांची शेवटची इच्छा होती. तो चुकलेला व्हिडिओ तेवढा नेटवरनं काढून टाका. लोक हसतेत." मी मान हलवली. मान उभी हलवली की आडवी, ते मात्र मी वहिनींच्या लक्षात येऊ दिलं नाही.

तुझ्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायची ठरवली आहे. मला म्हणाले, "बबनभाऊ, सरांबद्दल दोन गौरवाचे शब्द लिहा." गौरव बाकीच्या पानांवर ओसंडून वाहत असणार, तो तिकडे वाच. मी इथं सूड घ्यायला बसलो आहे. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदाच तुला मधे बोलता येणार नाही, अशी संधी मी सोडीन असं तुला वाटलंच कसं?

मुळापासून सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, आणि तू सांगितलं असतंस तर स्वतःला सोयीचं तेवढंच सांगितलं असतंस.

बारावीला मी तुझ्याच वर्गात. पाटोद्याच्या ज्युनिअर कॉलेजात तू गणिताचा मास्तर आणि मी तुझा धाकटा भाऊ. सकाळी ज्याच्या ताटातली भाकरी ओढून घेतली, त्यालाच तासाभरानं "येस सर" म्हणायचं. एक दिवस तू मला फळ्याजवळ बोलावलंस. इंटिग्रेशन नुकतं सुरू झालं होतं. तू फळ्यावर टू एक्स लिहिलंस आणि खडू माझ्या हातात दिलास. मी झोकात एक्स स्क्वेअर लिहिलं, त्याच्याभोवती चौकट काढली आणि मुलींच्या बाजूला बघून खडू खाली ठेवला.

"झालं?" तू विचारलंस.

"झालं."

"झालं काय? झालं, सर."

"झालं, सर."

"काई राहिलं न्हाई?"

"न्हाई, सर."

"मग बाकावर उभा राहा बे. आन् वर्गाला इचार, काय राहिलं."

मी बाकावर चढलो आणि वर्गाला विचारलं. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "सी!" सगळ्यात मोठ्यानं ओरडली ती सराफांची सुनंदा, आणि सगळ्यात उशिरापर्यंत हसत राहिली तीही सुनंदाच. ती आता माझ्या स्वयंपाकघरात असते. बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली की अजून म्हणते, "प्लस सी राहिला का?" म्हणजे तू मला एका तासापुरतं बाकावर उभं केलंस असं तुला वाटत असेल, पण मी अजून खाली उतरलेलो नाही.

मी एकटाच नव्हतो, हे खरं. इंटिग्रेशनच्या उत्तराला प्लस सी लावला नाही की बाकावर उभं राहायचं, हा तुझा कायदा होता. त्यात वशिला नव्हता. पुढं तलाठी झालेला उभा राहिला, डॉक्टरीण झालेली उभी राहिली. नंतर नंतर तुला तसा खेळच सुचला. उत्तर लिहीत लिहीत शेवटाला आलास की खडू वर धरून थांबायचास, कान वर्गाकडे करायचास, आणि सगळा वर्ग "सी!" म्हणून ओरडला की मगच तो लिहायचास. कौलं हलायची. शेजारच्या वर्गातले मराठीचे सर कविता थांबवून वाट बघायचे.

मी गणितात कसाबसा सुटलो आणि कॅमेरा धरला. बीडमध्ये लग्नाच्या शूटिंगचं दुकान टाकलं. इथं एक गोष्ट दातओठ खाऊन लिहितो, कारण सुनंदा म्हणाली की ती लिहिली नाहीस तर मी स्वतः लिहीन. माझी पहिली ऑर्डर पाटोद्याचीच होती, एका हळदीची. लाईट धरायचा गडी आलाच नाही. तू जेवायला म्हणून आला होतास, ते बघितलंस आणि एक शब्द न बोलता हॅलोजन डोक्यावर धरून उभा राहिलास. जमलेले निम्मे लोक तुझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप. "सर, तुमी?" म्हणून एकेक जण पुढं यायचा आणि तू म्हणायचास, "आज मी ह्याचा गडी हाय." दुपारभर धरलास. आता झालं लिहून. त्या दुपारभरात उजेडाचा कोन चुकतोय असं तू मला नवरीच्या मामासमोर किती वेळा सांगितलंस, हेही लिहून ठेवतो.

आता भांडणाकडे येतो.

दिवाळी उरकली की आपल्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि तुझ्या वर्गाचे मागचे बाक रिकामे व्हायचे. इंटिग्रेशन नेमकं तेव्हाच यायचं. तू घरोघर जायचास, आयांशी हुज्जत घालायचास, "पोरगं ठिवा माझ्याकडं, परीक्षेपर्यंत मी सांभाळतो." पोरगं एखाद्या वेळेस मागं ठेवायचे. पोरगी कुणी ठेवायचं नाही. मग ती मुलं परीक्षेच्या तोंडावर परत यायची आणि इंटिग्रेशनपुढं परक्या गावात उतरल्यासारखी उभी राहायची. ती प्लस सी विसरली तर तू त्यांना बाकावर चढवत नव्हतास. नुसतं म्हणायचास, "बस खाली, बघू." आम्हाला कधी म्हणाला नाहीस. याचाही राग आहे माझा, नोंद असू दे.

तू रिटायर झालास तरी ते रिकामे बाक तुझ्या डोक्यातून जात नव्हते. मी म्हटलं, "अरे, ऊसतोड्यांच्या झोपडीत, कोपीत, आता चुलीआधी मोबाईल असतो. सगळं जग त्याच्यावर कॅल्क्युलस फुकट शिकवतंय."

"मोबाईलवर गणित?" तू म्हणालास. "मोबाईलवर पोळ्या तरी येतेत का बे भाजता?"

मी तुला दुकानात आणलं. नवरदेवांना फोटोसाठी बसवतो त्या लाल खुर्चीत बसवलं आणि मोठ्या स्क्रीनवर एकेक दाखवायला घेतलं. पहिला एक परदेशी मास्तर, काळ्या फळ्यावर रंगीत अक्षरं काढत, घाई न करता लिमिट समजावणारा. तू हनुवटीखाली हात धरून पूर्ण ऐकलंस. "बरा हाय," म्हणालास. हे तुझ्या तोंडून मी स्वतःबद्दल कधी ऐकलेलं नाही. मग लगेच, "पण हा तोंड कावून दाखवत न्हाई? काय चोरलंय का यानं?"

दुसरा हिंदीतला. असा सवाल आला तर डोळे मिटून हे उत्तर लिहा, म्हणणारा. तू म्हणालास, "डोळे मिटून लिव्हायचं, मग उघडायचे कधी? निकालाच्या दिवशी?"

तिसरं ते ॲप. गणिताचा फोटो काढला की पायरी पायरीनं सोडवून देतं. तू एक सोपं गणित दिलंस, त्यानं सोडवलं. तुझ्या ठेवणीतलं एक अवघड दिलंस, तेही सोडवलं. तू मोबाईल पालथा घातलास आणि म्हणालास, "हे पोरांला दाखवलंस तर तंगडं मोडीन." मी म्हटलं, स्वतः सोडवून झाल्यावर ताळा बघायला चांगलं आहे. तू मोबाईल सुलटा केलास. म्हणजे पटलं होतं.

आणि मग चौथं. समीकरण टाकलं की आलेख काढून देणारं पान. त्यात एखादी संख्या बोटानं पुढं मागं सरकवता येते. तू एक्स स्क्वेअर प्लस सी टाकलंस आणि सी सरकवलास. वक्र वर गेला. उलटा सरकवलास, खाली आला. दादा, तुझं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मी शूट करून ठेवायला पाहिजे होतं. अक्षता पडल्यावर मुलीच्या बापाचं होतं, तसं. पासपोर्ट फोटोवाली दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, मी त्यांना उद्या या म्हटलं, आणि तू आपला सी वरखाली करतोयस. "बघ बे! वर जातोय, खाली जातोय, पण चढ तोच हाय! कुठंबी ने, चढ तोच!"

मग तू सी तिथंच सोडलास. म्हणालास, "एवढं सगळं हाय, तर मी कशाला?"

माणसानं इथं भावाला धीर दिला असता. मी म्हटलं, "तेच तर सांगतोय. तू आता घरी बस."

तुला मी ओळखतो. तू खुर्चीतून उठलास, टोपी चढवलीस. "ह्यातल्या एकाला तरी पाटोद्याची यष्टी म्हाईत हाय का?" असं विचारून निघून गेलास. पुढच्या रविवारी खडूचा डबा घेऊन दुकानात हजर.

पहिल्या व्हिडिओवरून तू मला जे बोललास ते तुझं रास्त होतं, हे मान्य. लग्नाच्या व्हिडिओचा साचा कॉम्प्युटरवर तयार होता, त्यातच मी तुला बसवला. त्यामुळे एक्स शून्याकडे निघाला की सनई सुरू होते आणि लिमिट मिळाली की तुझ्या अंगावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. पोरांना फार आवडलं. कुणी तरी खाली लिहिलं, "सर, मुहूर्त चांगला लागला." दुसऱ्या व्हिडिओपासून पाकळ्या बंद झाल्या.

मग इंटिग्रेशनचा पहिला व्हिडिओ. काय शिकवलंस, दादा! ती यष्टी तू तिथं आणलीस. "गाडी किती जोरात पळाली ते तुमाला कळलं, तर किती लांब गेली ते काढता येतं. पण माणूस बसला कुठनं, पाटोद्यावरनं का मधल्या फाट्यावरनं, ते गाडीच्या जोरावरनं कळत न्हाई. ते येगळं सांगावं लागतंय. तोच आपला सी." असा सी समजावलास. आणि त्याच्या पाठोपाठ फळ्यावर टू एक्स लिहिलंस, एक्स स्क्वेअर उत्तर काढलंस, चौकट केलीस आणि पुढं गेलास.

सी नाही! सीचं एवढं पुराण सांगणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या उत्तराला सी नाही!

व्हिडिओ नेटवर गेला आणि जिल्हाभरातून तुझ्यावर माणसं तुटून पडली. सराफ्यातून सुनंदाच्या भावानं लिहिलं, "सर, प्लस सी?" डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, "सर, बाकावर उभे राहा." तलाठ्यानं लिहिलं, "आणि वर्गाला विचारा, काय राहिलं." मग जो येईल तो तेच. तुझ्या बाकांवर जे जे उभे राहिले होते, ते सगळे व्हिडिओखालच्या त्या चार बोटांच्या जागेत दाटीवाटीनं येऊन ओरडत होते. मी तुझ्या घरी आलो आणि एकेक प्रतिक्रिया तुला आवाज बदलून वाचून दाखवली. डॉक्टरीणबाईंची तर दोनदा.

तू ताट बाजूला सारलंस. "काढ तो व्हिडिओ."

"न्हाई काढत."

"मोठा भाऊ सांगतोय, बबन."

"मोठ्या भावानंच शिकवलंय, चुकलं की सगळ्यांसमोर उभं राहायचं."

त्यावर तू सारलेलं ताट परत ओढून घेतलंस. फार गोड वाटलं मला, खोटं कशाला बोलू. शेवटी तहाची बोलणी झाली. दिवाळीनंतर नवा व्हिडिओ करायचा, तो टाकला की हा काढायचा. तू दिवाळीच्या आधीच गेलास. तह मोडलास तू. अटी मी कशाला पाळू?

म्हणजे इंटिग्रेशनचा पहिला धडा म्हणून आता तुझा हा चुकलेलाच उरला आहे. पुढचे सगळे व्हिडिओ त्याच्यावर उभे आहेत. तो काढला तर उसाच्या फडात बसून जी मुलं तुला ऐकतात, त्यांना दारच नाही, एकदम माडीवरच्या खोल्या. पण मी तो त्यासाठी ठेवलाय असं समजू नकोस. सुडासाठी ठेवलाय.

वहिनींना हे सगळं सांगायचं कसं, तर मी एका दुपारी मोबाईल घेऊन गेलो आणि म्हटलं, "वहिनी, काढण्याआधी एकदा बघा तरी." त्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं?" तरी बघायला बसल्या. तू दिसलास तेव्हा पदर तोंडाशी गेला. यष्टीचं आलं तेव्हा म्हणाल्या, "हे मला बी सांगितलं होतं एकदा, गाडीतच." मग तू उत्तर लिहायला घेतलंस. मी म्हटलं, "आता बघा, इथं चूक आहे."

त्या बघत राहिल्या. व्हिडिओ पुढं गेला. त्या म्हणाल्या, "मागं घ्या."

मी मागं घेतला.

"हे थांबले कशाला इथं?"

मी बघितलं. इतक्या वेळा तो व्हिडिओ मी चवीनं पाहिला, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. एक्स स्क्वेअर लिहून झालं आहे. तुझा खडू वर धरलेला आहे. मान किंचित कॅमेऱ्याकडे, कान पुढं. एक क्षण, दोन क्षण. मग तू दचकल्यासारखा फळ्याकडे वळतोस, घाईनं चौकट काढतोस आणि पुढं जातोस.

"पोरं ओरडायची ना इथं," वहिनी म्हणाल्या. "पार घरापत्तुर ऐकू यायचं मला. तवा मी भात लावायची, तास सुटायला आला म्हणून."

मी व्हिडिओ थांबवला.

"तिथं कोनच नव्हतं का?"

"मी होतो," मी म्हटलं. "कॅमेऱ्यामागं. हेडफोन होता कानाला. पंख्याचा आवाज येतोय का ते बघत होतो."

"मग तुमी कावून न्हाई ओरडले?"

बघ दादा. तू गेलास, पण ज्याचं उत्तर मला देता येणार नाही असा प्रश्न विचारायला माणूस मागं ठेवून गेलास. मास्तरकी सुटत नाही तुझी.

मग वहिनींनी डोळे पुसले, आणि त्यांच्या तोंडावर एक असं हसू आलं की मी सावध झालो. "राहू द्या हो तो व्हिडिओ," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासनं माझ्या भाकरीला म्हणायचे, ही गोल न्हाई, लंबगोल हाय. पावण्यांच्या म्होरं म्हणायचे. बघू द्या लोकायला ह्यांचं बी." आणि मोबाईल माझ्या हातातून घेऊन, तू कान पुढं करतोस तिथं त्यांनी पुन्हा लावला. यावेळी त्या क्षणाला त्या हळूच काही तरी म्हणाल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता शेवटचा वार, हा मात्र माझा एकट्याचा.

गेल्या आठवड्यात तुझ्या त्या व्हिडिओखाली एक प्रश्न आला. अंजली नावाची मुलगी, टोळीबरोबर कुठल्याशा कारखान्याच्या फडात गेलेली आहे. तिनं लिहिलं, "सर, इंटिग्रेशनला वरची-खालची लिमिट दिलेली असली की उत्तराला सी का लावायचा नाही?" तू गेलास हे तिला माहीत नसावं. मी तो प्रश्न तलाठ्याकडे पाठवला. तलाठी म्हणाला, "नियमच हाय तसा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्ही पाठच केलं होतं." वा रे तुझे शिष्य.

मग दुकानाचं शटर अर्धं ओढून मी त्या लाल खुर्चीत बसलो आणि तुला लावलं. आणि दादा, तुला काय सांगू! तू बोलत होतास आणि मी बोटानं तुला थांबवलं. तू थांबलास! हात वर, तोंड उघडं, गप्प. मी चहा पिऊन आलो, तू तसाच. "पुन्हा सांग," म्हणून मागं नेलं, तू पुन्हा सांगितलंस. न कळून आणखी एकदा नेलं. तू आणखी एकदा सांगितलंस, अगदी त्याच आवाजात, बे न म्हणता, डोळे न वटारता. मी तिसऱ्यांदा तेच विचारतोय हे वर्गात कुणाला दिसलं नाही, कारण वर्गात मी एकटाच. बारावीला हे मिळालं असतं तर आज सुनंदानं तोंड उघडलं नसतं. तुझ्या तोंडून ऐकलेलं त्या परदेशी मास्तराकडे जाऊन पडताळलं, मग आलेखाच्या पानावर सी वर नेला, खाली आणला आणि दोन लिमिटवरच्या उंचीतला फरक तोच राहतो, ते बघत बसलो. मास्तर म्हणून मोबाईल पुरतो की नाही यावर आपण भांडलो ना? मी तुझ्या वर्गात शिकलो नाही, दादा. मी तुझ्याकडून मोबाईलवर शिकलो. आता काढ यातून स्वतःला बाहेर.

मग मला आमचा टेपचा जुना कॅमेरा आठवला. अंजलीला मी लिहिलं, "पूर्वी कॅमेऱ्यावर टेपचा काउंटर असायचा. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा त्याच्यावर कुठला तरी आकडा होता, संपली तेव्हा दुसरा. टेप आधी किती फिरली होती, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. शेवटच्यातून पहिला वजा केला की मंगलाष्टकं किती चालली ते मिळतं, आणि आधीचं जे काही होतं ते दोन्हीकडून उडतं. लिमिट दिलेल्या असल्या की तसंच होतं. वरच्या लिमिटच्या उत्तरातही सी आहे, खालच्याच्या उत्तरातही तोच सी आहे. वजा केलं की सी गेला."

बऱ्याच वेळानं तिचं आलं, "समजलं सर. तुम्ही आज वेगळंच सांगितलं."

मी लिहायला घेतलं, की बाई, मी सर नाही, सर गेले, मी त्यांचा भाऊ, लग्नाचं शूटिंग करतो. एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. त्याऐवजी तुझ्या पुस्तकातलं पुढचं गणित तिला सोडवायला दिलं. उद्या संध्याकाळपर्यंत करून पाठव म्हटलं. ते मला अजून सुटलेलं नाही. तिच्या आधी मला सोडवायला पाहिजे.